स्वस्त दुर्बीण की महाग दुर्बीण? काच पारखायची कशी

भर दुपारी, दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या पाटीवर रोखली, तर कुठलीही दुर्बीण चांगलीच दिसते. आठ हजारांची घ्या नाहीतर दोन लाखांची. पाटी स्पष्ट, अक्षरं मोठी, दुकानदार खूश. आपण मनात म्हणतो, मग एवढे पैसे कशाला घालायचे? मीही तसंच म्हटलं होतं.

खरं उत्तर मला नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मिळालं. डिसेंबरची पहाट, निफाडची थंडी, पाण्यावर धुकं आणि सूर्य नेमका समोर. चिखलात एक तुतारी (छोटा पाणपक्षी) शेपटी हलवत फिरत होती. ठिपकेवाली की हिरवी, एवढाच प्रश्न. ठिपकेवालीचे पाय पिवळसर, हिरवीचे गडद हिरवट. माझ्या दुर्बिणीतून पक्षी दिसत होता, पण दुधाच्या पिशवीआडून बघावं तसा. पाय काळे, पाठ काळी, सगळंच काळं. शेजारच्या काकांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पाठ नको बघू, पाय बघ." बघितलं. "काका, पिवळे आहेत!" दोन्ही दुर्बिणी ८×४२ होत्या. पक्षी तोच, अंतर तेच.

तेव्हापासून माझी, मैत्रिणींची आणि गटातल्या नव्या मंडळींची मिळून बऱ्याच दुर्बिणी मी शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या. महाग काचेचा फायदा कुठे दिसतो आणि कुठे अजिबात दिसत नाही, हे कळायला मला दोन वर्षं आणि एक फुकट गेलेली खरेदी लागली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

काय काय जवळ हवं

- तुलनेसाठी निदान दोन दुर्बिणी, त्याही एकाच मापाच्या. ८×४२ ची तुलना १०×२५ शी करून काहीच हाती लागत नाही. चांगली दुर्बीण नसेल तर एखाद्या पक्षीमित्राकडून तासाभरासाठी मागा. या छंदातली माणसं त्याबाबत उदार असतात.
- ट्रायपॉड. नसेल तर तांदळाची पाच किलोची पिशवी गच्चीच्या कठड्यावर ठेवा, काम भागतं.
- वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान, चिकटपट्टी, मोजपट्टी.
- मोबाइलचा टॉर्च.
- चष्मा लावत असाल तर तोच चष्मा.
- वही. दुसरी दुर्बीण हातात घेतली की पहिलीत काय दिसलं ते आठवत नाही, म्हणून लगेच टिपा.

१. आकडे आधी कळू द्या

८×४२ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा हा मिलिमीटरमधला व्यास. १०×४२ चा ४.२, ८×३२ चा ४, १०×२५ चा फक्त २.५. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून दुपारी छोटी दुर्बीणही पुरते. पहाटे आणि संध्याकाळी बाहुली मोठी होते, तेव्हा बारीक झोत कमी पडतो.

नवख्यांनी ८×४२ घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. दहापटीत पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही दहापट दिसते.

यातला पहिला सापळा म्हणजे '३०×६०', 'झूम १०-३०×', 'नाइट व्हिजन' असली जाहिरात. ३०×६० चा झोत दोन मिलिमीटरचा येतो, आणि तीसपट दुर्बीण हातात धरून चिमणीसुद्धा चौकटीत टिकत नाही. बरेचदा तो तीसचा आकडाही खरा नसतो. झूमच्या दुर्बिणीत दृश्य अरुंद होतं आणि पट बदलताना दोन नळ्यांचा मेळ बिघडायला वाव मिळतो. मी अशीच एक घेतली होती, वर लालभडक काचांची. ते लाल कोटिंग बघायला भारी वाटतं, पण लाल प्रकाश ते बाहेरच परतवतं, म्हणून आतून सगळं निळसर-हिरवट दिसतं. लालबुड्या बुलबुलाचं बूडच ओळखू येईना.

२. दुकानात दोन मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

*काचेतलं प्रतिबिंब.* पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. एकामागे एक अशी तीन-चार प्रतिबिंबं दिसतील. सगळी मंद हिरवट, जांभळट असतील तर कोटिंग नीट आहे. एखादं पांढरंशुभ्र झगमगत असेल तर आतली ती काच कोरी आहे. आता याचं एवढं काय? कोऱ्या काचेच्या दर पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. बारा धरले तर डोळ्यापर्यंत ६० टक्क्यांच्या आसपासच प्रकाश पोचतो, आणि परत फिरलेला प्रकाश आत भटकून चित्र पांढुरकं करतो ते वेगळंच. प्रतिबिंब मारणारं हे कोटिंग झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढलं. आज चांगल्या दुर्बिणी ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश पोचवतात.

खोक्यावरचे शब्द नीट वाचा. 'कोटेड' म्हणजे कुठेतरी एखादा थर. 'मल्टि-कोटेड' म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर. आपल्याला हवं ते 'फुली मल्टि-कोटेड', म्हणजे सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर. 'फुली' हा शब्द गाळलेला असेल तर तो चुकून गाळलेला नसतो.

*मागचं वर्तुळ.* दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि डोळा लावायच्या भिंगात बघा. मध्ये प्रकाशाचं छोटं वर्तुळ दिसतं, तोच मघाचा ५.२५ वाला झोत. ते गोल हवं. कडा कापल्यासारखं चौकोनी आणि बाजूला करडी सावली असेल तर आतले प्रिझम (प्रकाश वळवणारे काचेचे ठोकळे) हलक्या काचेचे किंवा लहान आहेत. जुन्या धाटणीच्या दुर्बिणीत 'बीके-७' काच असली की असं दिसतं, 'बॅक-४' असली तर वर्तुळ गोल येतं. वर्तुळाभोवती मिट्ट काळं हवं. तिथे चकाकणाऱ्या चंद्रकोरी दिसल्या तर तीच दुर्बीण पहाटे तुम्हाला दुधाची पिशवी दाखवणार.

*४२ खरोखर ४२ आहे का?* ही घरी करा. टॉर्च थोडा दूर धरून डोळ्याच्या बाजूने आत प्रकाश सोडा आणि पुढच्या भिंगासमोर अगदी जवळ कागद धरा. कागदावर पडलेलं वर्तुळ मोजा. काही स्वस्त दुर्बिणींत आत कडी बसवून भिंगाच्या कडा झाकलेल्या असतात. तशा एका '५०' मध्ये मला ३८ मिलिमीटर मिळाले होते. कडा झाकल्या की दोष झाकले जातात, म्हणून चित्र बरं दिसतं. पण आपण पैसे आणि वजन पन्नासचं उचललेलं असतं.

३. तुलनेआधी दुर्बीण आपल्या डोळ्यांना लावून घ्या

ही पायरी जवळपास सगळे विसरतात आणि मग चांगल्या दुर्बिणीला नावं ठेवतात.

आधी दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एकच होईल असं करा. मग उजव्या बाजूचं भिंग हाताने झाका (डोळा मिटू नका), डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवून दूरची वस्तू स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची डायऑप्टरची कडी फिरवून तीच वस्तू स्पष्ट करा. झालं. कडीचा आकडा वहीत लिहून ठेवा, दुर्बीण कुणाच्या हातात गेली की तो हमखास बदलतो.

चष्मा असेल तर आयकप (डोळ्याजवळच्या रबरी कड्या) खाली करून बघा. चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसायला आय रिलीफ (भिंगापासून डोळा ठेवायचं अंतर) निदान १५ मिलिमीटर लागतं. कमी असेल तर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं होतं.

४. दोन नळ्या एकाच दिशेला बघतात ना?

स्वस्त आणि महाग यांतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक हा आहे, आणि तो जाहिरातीत कधीच नसतो. दूरच्या आडव्या विजेच्या तारेवर दुर्बीण रोखा. बघता-बघता दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब न्या. दोन वेगळी वर्तुळं दिसू लागतील. दोन्हींत तार एकाच उंचीवर हवी. एकीकडे वर, एकीकडे खाली असेल तर ती दुर्बीण तिथेच परत करा.

दुकानात हा दोष जाणवत नाही, कारण मेंदू दोन्ही चित्रं ओढूनताणून जुळवतो. तासाभराने कपाळ ठणकायला लागतं आणि आपण म्हणतो, ऊन लागलं. कमी किमतीत एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे निघू शकतात. म्हणून दुकानदाराला तीन नग काढायला लावा. तो तोंड वाकडं करेल. करू द्या.

५. अनुस्वाराची चाचणी

परदेशी लोक यासाठी रेघांचे तक्ते वापरतात. आपल्याकडे देवनागरी आहे, तिच्यात बारीक ठिपक्यांना काय तोटा?

छोट्या जाहिरातींचं पान उन्हातल्या भिंतीवर चिकटवा. दुर्बीण ट्रायपॉडवर किंवा तांदळाच्या पिशवीवर टेकवा. दहा पावलांवरून सुरुवात करा आणि मागे सरकत जा. 'चिता' की 'चिंता', 'आबा' की 'आंबा' हे कळेनासं होईल तिथे थांबा, पावलं मोजा.

मी माझी बेताच्या किमतीची ८×४२ आणि काकांची महागडी ८×४२ अशी लावली. माझीत १७ पावलांपर्यंत अनुस्वार दिसला, काकांच्यात १९. बस्स. किमतीत वीसपट फरक आणि पावलांत दोनचा! तीच चाचणी हातात धरून केली तर दोघींचीही ११ पावलं. हाताची थरथर काचेचा फायदा खाऊन टाकते.

यात आश्चर्य नाही. निरोगी डोळ्याला साधारण एक कला (अंशाचा साठावा भाग) एवढा बारकावा दिसतो, म्हणजे आठपटीतून साडेसात विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). ४२ मिलिमीटरच्या भिंगाची मर्यादा तीन विकलांच्या आसपास असते. म्हणजे मध्यभागी, भर उजेडात काच आपल्या डोळ्यापेक्षा पुढेच असते, बऱ्यापैकी बनवलेली स्वस्त काचसुद्धा. 'एकदम शार्प आहे' या एका वाक्यावर महाग दुर्बीण घेऊ नका.

६. तारेवरचा कावळा

ढगाळ, पांढऱ्या आभाळासमोर तारेवर बसलेला कावळा किंवा कोतवाल शोधा. ते आपल्याकडे कमी नाहीत. त्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार दिसते का बघा. भिंग वेगवेगळ्या रंगांना एकाच जागी आणू शकत नाही, म्हणून ती उमटते. 'ईडी' (रंग कमी फाकवणारी) काच ती टाळण्यासाठीच असते. चित्राच्या कडेला थोडी किनार महागड्यातही दिसते, तिकडे दुर्लक्ष करा. मध्यभागी दिसली तर मात्र घारीच्या पंखाखालचे पट्टे वाचताना त्रास होतो.

नळ्यांमधलं अंतर चुकलं असेल तरीही किनार दिसते. आधी पायरी ३ परत करा, मग निकाल द्या. आणि 'ईडी' अक्षरं छापलेली आहेत एवढ्यावर जाऊ नका, कावळ्याला विचारा.

७. उजेडाकडे तोंड करून

आधी इशारा, आणि तो गंमत म्हणून नाही: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. उगवतीचा लाल गोळा असला तरी नाही. दृष्टी कायमची जाऊ शकते. सूर्य इमारतीच्या किंवा जाड खोडाच्या पूर्ण आड ठेवून, त्याच बाजूच्या सावलीतली एखादी गडद वस्तू बघा.

स्वस्त दुर्बीण इथे उघडी पडते. गडद भाग करडा होतो, सगळ्यावर पांढरी साय येते, कडेला उजेडाचे ओघळ दिसतात. आतली नळी नीट काळी केलेली नसते, भटका प्रकाश अडवणाऱ्या कड्या नसतात, प्रिझमच्या कडा चमकतात. हे सगळं सुधारायला कारखान्यात वेळ आणि पैसा लागतो आणि ग्राहकाला दिसत काहीच नाही, म्हणून बचत इथेच होते. आपले पाणपक्षी आपण बघतो कधी? सकाळी सात वाजता, पाण्यावरून उजेड डोळ्यांवर येत असताना. भिगवणला होडीत बसा नाहीतर ठाण्याच्या खाडीवर उभं राहा, होडी आणि भरती तुमच्या सोयीने सूर्य पाठीशी ठेवत नाहीत. माझी तुतारी इथेच हरवली होती.

मला एकाच चाचणीवर निर्णय घ्या म्हटलं, तर मी हीच घेईन.

८. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी

दोन्ही दुर्बिणी घेऊन गच्चीवर जा. झाडाखालच्या अंधारात विटांच्या रेषा, पानांचे आकार बघा. दर पाच मिनिटांनी पुन्हा. स्वस्तातल्या विटा आधी विरघळतात. फरक रात्र-दिवसाचा नसतो, दहा-पंधरा मिनिटांचा असतो. पण पिंगळा आणि रातवा त्याच मिनिटांत बाहेर पडतात.

९. कडा आणि तारे

एखादी खिडकी मध्यभागी स्पष्ट करून कडेला न्या. अस्पष्ट झाली? चाक फिरवून परत स्पष्ट होत असेल तर दोष सौम्य आहे, होतच नसेल तर खरा. रात्री हेच ताऱ्यावर करा: मध्ये टाचणीचं टोक, कडेला पंख पसरलेला बगळा, असं दिसतं. मध्यभागीही ताऱ्याला टोकं फुटली तर दुर्बीण थोडी तिरकी फिरवा. टोकं तिच्याबरोबर फिरली तर दोष तिचा, नाही फिरली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

दृश्याची रुंदी खोक्यावर मीटरमध्ये लिहिलेली असते, १००० मीटर अंतरावरची. ८×४२ मध्ये ११० ते १३० सर्रास, स्वारोव्स्कीच्या एनएल प्युअरमध्ये १५९. उडणाऱ्या पाकोळ्यांमागे दुर्बीण फिरवताना हा फरक कळतो. तळ्याकाठी स्थिर बसलेल्या बदकांना त्याचं काही नाही.

मग पैसे कुठे घालायचे

दहा हजारांच्या आत असाल तर जुन्या धाटणीची, खांदे बाहेर आलेली पोरो प्रिझमची दुर्बीण घ्या. निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ या जातीची. दिसायला आजोबांच्या काळातली, पण रचना सोपी असल्याने त्याच पैशांत काच चांगली मिळते. सरळ नळ्यांच्या बहुतेक रूफ प्रिझमना प्रकाश परतवणारा आरशाचा थर लागतो, शिवाय फेज कोटिंग (प्रिझममध्ये दुभंगलेल्या प्रकाशलहरी पुन्हा जुळवणारा थर) लागतं. झाइसने ते १९८८ मध्ये आणलं, त्याआधी या जातीच्या दुर्बिणी पोरोपुढे फिक्या पडत. पाच हजारांच्या रूफ दुर्बिणीत हे दोन्ही धड मिळेल अशी आशा करू नका.

पोरोत खोट एकच: बहुतेक वॉटरप्रूफ नसतात. कोकणात किंवा घाटात राहत असाल तर पावसाळ्यात आत बुरशी धरते आणि ती काढायचा खर्च कधी कधी दुर्बिणीएवढा येतो. तिथे जास्त पैसे घालून नायट्रोजन भरलेली, फेज कोटिंगवाली रूफ घ्या. निकॉन मोनार्क एम५, झाइस टेरा ईडी या टप्प्यातल्या. माझ्या हिशेबाने सगळ्यात मोठी उडी याच टप्प्यावर आहे. त्यापुढे लाख-दोन लाख घालून मिळतं ते पहाटेचं, कडेचं आणि उजेडासमोरचं चित्र. वर्षातून शंभर सकाळी बाहेर असाल तर घ्या. चार सहली करणाऱ्याने तेच पैसे भिगवणच्या होडीवर खर्च करावेत.

घेताना आणि घेतल्यावर

जीएसटीचं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि दुर्बिणीवरच्या सीरियल नंबरचा फोटो, या तीन गोष्टी एका पाकिटात ठेवा. ऑनलाइन घेतली तर परत करण्याची मुदत संपायच्या आत निदान पायऱ्या २, ४ आणि ७ उरका. मुदत साधारण आठवड्याची असते आणि आपण रविवारची वाट बघतो. अमेरिकेतल्या भावाकडून मागवणार असाल तर ती वॉरंटी इथे चालते का ते आधी लेखी विचारून घ्या. माझी एक मैत्रीण तिथेच अडकली, दुरुस्तीसाठी दुर्बीण पुन्हा समुद्रापार गेली.

पावसाळ्यात दुर्बीण कातडी पाकिटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा आणि पुड्या महिन्यातून एकदा तापवून वाळवा. काच पदराने किंवा टी-शर्टने पुसायची नाही. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग मायक्रोफायबर. कोरड्या धुळीचा एक कण रगडला गेला की पायरी २ मधलं ते हिरवट प्रतिबिंब तेवढ्यापुरतं पांढरं होतं. माझ्या दुर्बिणीच्या डाव्या भिंगावर तसा एक ओरखडा आहे, ओढणीचा.